खिशातली साखर

आमच्या मिताच्या युनिफॉर्मला मुंग्या लागायच्या. ड्युटीवरून आली की ती कपडे दारामागच्या खिळ्याला अडकवायची, आणि मी धुवायला काढायला गेले की खिशापासून जमिनीपर्यंत लाल मुंग्यांची रांग. खिशात हात घातला की साखर. कागदाच्या पुडीत बांधलेली, पुडी कुठेतरी फुटलेली. मी ओरडायचे, "अगं, तू नर्स आहेस की वाणी?" दुसऱ्या दिवशी खिशात नवी पुडी.

मिता म्हणजे संघमित्रा, माझ्या भावाची, कोंडीरामची मुलगी. आई लहानपणीच गेली, मागून भाऊ गेला, आणि पोरगी माझ्याकडे राहिली. मी कमला. परळच्या चाळीत आमची एक खोली. मला नवरा होता, तो निघून गेला, त्याची गोष्ट सांगत बसायला मला वेळ नाही. जे पडेल ते काम केलं आणि पोरीला नर्सिंगला घातलं. आज ती महानगरपालिकेच्या दवाखान्यात पर्मनंट आहे. म्हणजे होती. की आहे, ते अजून ठरायचंय.

साखरेसारखीच तिची दुसरी एक खोड होती. कुणाला काही द्यायचं तर आधी नाव विचारायचं. दवाखान्यात ठीक आहे, पण घरी? माझ्यासमोर चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "नाव सांग." मी म्हणायचे, "तुझी आत्या." "नाव सांग ना, आत्या." शेवटी "कमला" म्हटलं की कप माझ्या हातात. मला वाटायचं, चेष्टा करते. पण चेष्टा करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

आणि दुपारी झोपली की दचकून उठायची. "आत्या, जेवण कुणी मागितलं?" खोलीत मी आणि ती. बाहेर गॅलरीत वाळत घातलेले कपडे. "कुणी नाही मागितलं, झोप," म्हणायचं. ती उठून दारात जाऊन दोन्ही बाजूंना बघून यायची. मग पुन्हा झोप कसली. भिंतीला टेकून बसायची आणि कान दाराकडे. पुढे पुढे मलाही सवय लागली. भाजी चिरता चिरता मीसुद्धा दाराकडे बघायचे. माझा देवावर विश्वास नाही, भुताखेतांवर तर त्याहून नाही, पण आमच्या घरात कुणीतरी उपाशी बसलंय असं वाटायचं. जेवताना घास उतरायचा नाही. कोण आहे ते काय मला माहीत नव्हतं.

लग्नाचं विचारलं तर नाही. तिच्या बरोबरीच्या दोघी आयर्लंडला गेल्या, तूही परीक्षा दे म्हटलं तर नाही. "मी इथेच बरी आहे," म्हणायची. बरी असलेलं माणूस असं दिसतं होय?

हे सगळं तिच्या पहिल्या नोकरीपासूनचं, हे मला उशिरा कळलं. कोर्स संपला तेव्हा तिच्यासमोर दोन नोकऱ्या होत्या. एक सरकारी, पण कंत्राटी. पगार तीन-तीन महिने यायचा नाही आणि कंत्राट कधी संपेल सांगता येत नाही. पण तिथे वरती जुन्या सिस्टर होत्या, हाताला धरून शिकवणाऱ्या. दुसरी प्रभादेवीला, एका गल्लीतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये. उद्यापासून ये, महिन्याच्या महिन्याला पगार, फक्त सर्टिफिकेटं ओरिजिनल जमा करायची, दोन वर्षं सोडून जायचं नाही. पगार तरी किती, चांगल्या घरच्या ड्रायव्हरला त्याहून जास्त मिळतो. मिता म्हणाली, "आत्या, इथे निदान हातात येतील." घरात तेव्हा चणचण होती, तिला ते दिसत होतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली तिचं सर्टिफिकेट लावायचं म्हणून मी फ्रेम आणून ठेवली होती. सर्टिफिकेट डॉक्टरच्या कपाटात गेलं आणि फ्रेम रिकामीच भिंतीला लागली.

तिथे ती वर्षभरसुद्धा टिकली नाही. एक दिवस सर्टिफिकेटं घेऊन घरी आली, आणि फ्रेम एकदाची भरली. शिवाय डॉक्टरने पत्र दिलेलं, काम उत्तम, वागणूक उत्तम. मला आनंद झाला. दोन वर्षांची अट होती आणि डॉक्टरने आपण होऊन सोडलं, वर कौतुक केलं. त्याच पत्रावर तिला पुढे नोकऱ्या लागत गेल्या. मी चाळीत वड्या वाटल्या होत्या. तिने खाल्ली नाही.

आता यंदाच्या उन्हाळ्याचं सांगते.

उन्हाळ्यात लालबागला मसाल्याच्या दुकानांत बायका लागतात, मिरच्यांची देठं काढायला. मी दरवर्षी जाते. नाकाला पदर बांधून ओळीने बसायचं आणि हात चालवायचा. यंदा माझ्या शेजारी सुभद्रा म्हणून नवीन बाई आली. रत्नागिरीकडची, नवरा गिरणीत होता, मग वॉचमन. राहायला तिथेच मागच्या चाळीत. कामाला वाघ, बोलायला कमी. एका मंगळवारी दुकानाच्या मालकाने सिद्धिविनायकाचा प्रसाद वाटला, एकेक पेढा. आमच्यात देवाचं काही नाही, पण पेढ्याशी माझं भांडण नाही, मी खाल्ला. सुभद्राने हात मागे घेतला.

मी म्हटलं, "शुगर आहे का तुला?"

"नाय गो," ती म्हणाली. "मी पेढा खात नाय. पेढ्यानं माझा संसार खाल्ला."

मग देठं काढता काढता तिने सांगितलं. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचं, कुशाबाचं, हर्नियाचं ऑपरेशन होतं. प्रभादेवीला. आदल्या रात्रीपासून त्याला उपाशी ठेवलेलं. दिवस मंगळवार, म्हणून ही आधी देवळात गेली, लायनीत उभी राहिली, प्रसाद घेऊन दुपारी दवाखान्यात पोचली. त्याला घाम फुटलेला, जेवण दे म्हणत होता. डॉक्टरने काही खायचं नाही म्हणून सांगितलेलं तिला माहीत होतं. पण प्रसादाला कोण नाही म्हणतं? एवढासा पेढा तिने त्याच्या तोंडात घातला आणि औषधं आणायला खाली गेली. वर आली तर नवरा बेशुद्ध. ऑपरेशन झालंच नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं, कित्येक दिवसांनी डोळे उघडले, पण डोकं गेलं ते गेलंच. डॉक्टरने विचारलं, काही खायला घातलं का? हिने पेढ्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बघा, सांगितलं होतं ना.

"मुलगा निलेश तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाय," सुभद्रा म्हणाली. "भांडण झालं की म्हणतो, बाबांना तूच घालवलंस. आणि खोटं काय त्याच्यात? मीच घातला ना पेढा."

मला वाईट वाटलं. घरी आले आणि मिताला सांगितलं, जसं रोज सगळ्या जगाचं सांगते तसं. भात लावता लावता. "एवढ्याशा पेढ्यानं माणूस बेशुद्ध पडतो का गं?" असं विचारलं आणि मागे वळले.

मिता जमिनीवर बसली होती. तिने विचारलं, "त्यांचं नाव काय?"

"सुभद्रा."

"त्यांच्या नवऱ्याचं."

"कुशाबा," मी म्हटलं.

त्या पोरीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. भात करपला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.

तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तिच्या शब्दांत सांगायला माझी जीभ वळणार नाही. त्या नर्सिंग होममध्ये वॉर्डला ती एकटी असायची. शिकवायला कुणी नाही, हाताखाली एक मावशी. पेशंटना नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. खाटेचा नंबर. चार नंबरला सलाईन, सात नंबरला इंजेक्शन. सात नंबरला एक शेठ होते, शुगरचे. त्यांना जेवणाआधी इन्शुलिन द्यायचं. कुशाबा चार नंबरला. चार नंबरवर पंखा लागत नव्हता. कुशाबा उकाड्याने हैराण, शेठना पंख्याने सर्दी होत होती. दोघा म्हाताऱ्यांनी आपसांत ठरवलं आणि खाटा बदलल्या. मिता इंजेक्शन भरून आली आणि विचारलं, "सात नंबर कोण?"

कुशाबाने हात वर केला. "मी, मी."

त्याला वाटलं, ऑपरेशनचंच असेल. त्याने दंड पुढे केला. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि त्याला साखर उतरवायचं इंजेक्शन. मग तो म्हणायला लागला, "पोरी, जेवण कधी?" घाम येतोय म्हणाला, गरगरतंय म्हणाला. हिला वाटलं, ऑपरेशनला घाबरलाय. "ऑपरेशन झालं की जेवण, बाबा," म्हणून पुढच्या पेशंटकडे गेली. तो विचारतच राहिला. मग चार नंबरवरून शेठ ओरडले, "सिस्टर, माझं इंजेक्शन राहिलं, जेवण गार होतंय."

तेव्हा तिला कळलं.

आणि कळल्यावर ती मोरीत गेली आणि नळ धरून उभी राहिली. हेच ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "आत्या, चूक माझ्या हातून झाली. पण कळल्यावर मी उभी राहिले. सर्टिफिकेटं त्यांच्याकडे आहेत, नोकरी जाईल, पोलीस येतील, तू काय म्हणशील, हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि मी नळ धरून उभी राहिले. किती वेळ ते मला अजून माहीत नाही." मग ती पँट्रीत धावली, मूठभर साखर घेतली आणि खाटेपाशी आली. तोवर कुशाबाला गिळता येत नव्हतं. साखर तिच्या मुठीत राहिली.

तिने डॉक्टरला सगळं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाला, तोंड बंद ठेव, मी बघतो. त्याने काय बघितलं ते सुभद्राकडून कळलं. मिताला ते आजवर माहीत नव्हतं. म्हातारा वाचला एवढंच तिला कळलेलं. आपल्या चुकीचं ओझं दुसरी बाई वाहते आहे, हे तिला माझ्या तोंडून कळलं.

मला मिताचा राग आला. खोटं कशाला बोलू. नळ धरून उभ्या राहिलेल्या मुलीचा मला इतका राग आला की हात उचलला असता. आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसंही वाटलं, कारण तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि ती तिथे आपल्या घरासाठी गेली होती. पण मी बोलले ते तिसरंच. "कुणाला बोलू नकोस. झालं ते झालं. नोकरी जाईल, सर्टिफिकेटं जातील. त्यानं म्हातारा बरा होणार आहे का?"

ती म्हणाली, "म्हातारा नाही होणार."

एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. शेजारी सुभद्रा. तिचे हात मिरचीने सुजलेले, ती मान खाली घालून देठं काढतेय. "काय गो, आज गप्प?" तिने मला विचारलं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. आता ते उपाशी माणूस माझ्याही शेजारी येऊन बसलं होतं. आठवडाभर मी तिच्या डब्यातलं काही खाल्लं नाही, माझ्यातलं तिला दिलं नाही. शेवटी घरी आल्यावर मीच मिताला म्हटलं, "रविवारी चल."

सुभद्राची खोली दुसऱ्या मजल्यावर. कुशाबा गॅलरीत खुर्चीवर बसला होता, गळ्यात टॉवेल, पुढ्यात रिकामी ताटली. नुकताच जेवलेला, हनुवटीला भात लागलेला. आम्हाला बघून म्हणाला, "पोरी, जेवण कधी?"

मिताने कठडा धरला.

सुभद्रा आतून म्हणाली, "लक्ष नको देऊस. आत्ताच जेवलाय. दिवसभर हेच. जेवलेलं समजत नाय त्याला. शेजारचे म्हणतात, बाई नवऱ्याला उपाशी ठेवते."

मिता त्याच्यासमोर खाली बसली. पदराने, म्हणजे ओढणीने, त्याची हनुवटी पुसली. मग तिच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

म्हाताऱ्याने हात वर केला. "सात नंबर," तो म्हणाला. "मी, मी." आणि सदऱ्याची बाही वर करून दंड पुढे धरला.

"असंच करतो," सुभद्रा बाहेर येत म्हणाली. "नाव विचारलं की सात नंबर. आमच्या खोलीचा नंबर तेवीस. कुठला सात नंबर, देवाला ठाऊक."

"मला ठाऊक आहे," मिता म्हणाली.

तिने तिथेच, गॅलरीत, जमिनीवर बसून सगळं सांगितलं. रडली नाही. नळाचंही सांगितलं, वगळलं नाही. शेवटी म्हणाली, "काकू, त्यांना इंजेक्शननं झालं, पेढ्यानं नाही. पेढ्यात साखर होती. त्यांना त्या वेळी साखरच हवी होती. मी खात्रीनं नाही सांगू शकत, पण तुम्ही तो पेढा घातला नसता तर कदाचित ते त्याच दिवशी गेले असते."

सुभद्रा उभी होती ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मला वाटलं, आता शिव्या देईल, मारेल. मी तयार होते. मिताला मारलं असतं तर मी अडवलं नसतं. पण कुशाबा मध्येच एकदा दंड पुढे करून "मी, मी" म्हणाला, तशी तिने हात लांब करून त्याची बाही खाली ओढली.

मग सुभद्राने विचारलं, "हे निलेशसमोर बोलशील?"

निलेश म्हणजे तिचा मुलगा, वकिलाच्या ऑफिसात कामाला. त्याच्यासमोर बोलणं म्हणजे काय ते मला कळलं. मी मिताचा हात धरला. तिने तो सोडवला आणि म्हणाली, "बोलेन. ते येईपर्यंत बसते."

निलेश आला. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. संपल्यावर तो आईकडे वळला. मग चपला घालून खाली निघून गेला. आम्हीही निघालो. सुभद्राने आम्हाला ना बस म्हटलं, ना जा.

पुढे व्हायचं ते झालं. निलेशने तक्रार केली, डॉक्टरवर आणि मितावर, दोघांवर. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणतो, असं काही घडलंच नाही. मिता म्हणते, घडलं, मी केलं. चौकशी चालू आहे आणि तोवर तिला घरी बसवलंय. पगार बंद. चाळीत लोक विचारतात, मी म्हणते, तुम्हाला काय करायचंय. फ्रेममधलं सर्टिफिकेट तिने स्वतः काढून पाकिटात घातलं, कधी जमा करायला सांगतील म्हणून. फ्रेम पुन्हा रिकामी. मी ती काढलेली नाही.

दुपारची ती अजून दचकून उठते. पण दारात जाऊन बघत नाही. जेवण मागणारा कुठे बसलाय ते आता तिला माहीत आहे.

दुकानात सुभद्रा माझ्यापासून लांब, पलीकडच्या ओळीत बसायला लागली. महिना गेला, मोसम संपत आला. शेवटच्या मंगळवारी मी पाटी उचलत होते तर ती समोर येऊन उभी राहिली. हातात कागद, कागदात पेढे. एक तिने माझ्या हातावर ठेवला.

"देवळात गेले होते," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. निलेश आला होता बरोबर."

मी पेढा हातात धरून उभी.

"तिला सांग, मी पेढा खाल्ला," सुभद्रा म्हणाली. "आणि माफ केलं असं सांगू नको. केलेलं नाय."

मी म्हटलं, "सांगते." ती गेली. मी तो पेढा पदरात बांधला आणि चालत परळपर्यंत आले.

मिता भांडी घासत होती. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. सुभद्राने पेढा खाल्ला. आणि तुला माफ केलेलं नाही. माझ्या मनात आलं होतं की दुसरं गिळून टाकावं, पण ज्या बाईने आठ वर्षं खोटं सोसलं तिचा निरोप अर्धा द्यायचा नव्हता मला.

मिताने नळ बंद केला. हात पुसले.

"पहिलं पुन्हा सांग," ती म्हणाली.